परळच्या गाळ्यातले जर्सीवाले मास्टर: २३ रग्बी जर्सी करून घेतल्या त्याचा पूर्ण अनुभव

रिव्ह्यू लांब होणार आहे, आधीच सांगतो. मुंबईत रग्बीच्या जर्सी कुठे करून मिळतात हे गेल्या दोन महिन्यांत सात-आठ जणांनी तरी विचारलं, प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो.

आम्ही तिघं जण वडाळ्याच्या बाजूला पोरांना रग्बी शिकवतो, शनिवार-रविवार सकाळी. अठरा वर्षांखालची टीम, पंधरा-पंधराची मॅच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबईत हा खेळ खरा रंगतो तो पावसाळ्यात, मैदान मऊ झालं की. बॉम्बे जिमखान्यावर तर इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, आणि समोरच्या फॅशन स्ट्रीटवरची पोरं कुंपणाबाहेरून बघायची त्यांना तिथे खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसीने आत खेळायला घेतलं, त्यातूनच पुढे मॅजिक बस ही गरीब मुलांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. आमच्याकडची बरीच पोरं त्याच प्रकारच्या घरांतली आहेत, कुणाचे वडील टॅक्सी चालवतात, कुणाची आई घरकाम करते. जर्सीचे पैसे आम्ही वर्गणी काढून जमवतो, म्हणून ते वाया गेले की फार लागतं मनाला.

गेल्या वर्षी वाया गेले होते. एका ऑनलाइन वाल्याकडून (नाव लिहीत नाही) २३ चा सेट (पंधरा खेळणारे, आठ राखीव) मागवला. आला तर १ ते १५ ठीक, पण १६ ते २३ सगळ्या मीडियम. फोन केला तर म्हणे एक्स्ट्रा प्लेअर आहेत ना, एक्स्ट्राला आम्ही मीडियमच देतो. आता रग्बीत १७ आणि १८ नंबर म्हणजे राखीव प्रॉप, टीममधली सगळ्यात जाडजूड पोरं, त्यांच्या डोक्यातून ती जर्सी खाली उतरेना. त्यात नंबर स्टिकरचे, चिखलात दुसऱ्याच मॅचला निघायला लागले, आणि पहिल्या स्क्रममध्ये (दोन्हीकडची आठ-आठ पोरं एकमेकांना धरून, वाकून समोरासमोर ढकलतात तो) आमच्या ३ नंबरच्या जर्सीची बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली. पोरगं बिचारं तसंच खेळलं पूर्ण हाफ, थंडी वाजत होती त्याला पावसात, ते अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या.

तर या वर्षी ठरवलं की समोर बसून करून घ्यायच्या. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या आजूबाजूची स्पोर्ट्सची दुकानं पालथी घातली, तिथे क्रिकेट आणि फुटबॉलचं हवं ते मिळतं, रग्बी बोललं की सगळे एकमेकांकडे बघतात. एका दुकानवाल्या काकांनी मात्र सांगितलं की आमची शिलाई परळच्या एका मास्टरांकडे होते, तुम्ही डायरेक्ट त्यांनाच भेटा. लोअर परळला जुन्या मिलच्या मागे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा, बाहेर पाटी नाही काही नाही, आत चार मशीन, एक कटिंगचं लांब टेबल, एक हीट प्रेस आणि रेडिओ. पत्ता इथे टाकू नका असं मास्टरांनीच सांगितलंय, हाताखाली तीनच माणसं आहेत. धोबीतलावला दोन-चार दुकानांत जर्सी शिवणारे परळचे मास्टर म्हणून विचारा, कळेल.

मी एक ते तेवीसची यादी नेली होती, समोर साइज लिहून. मास्टरांनी चष्मा लावला, यादी वरून खाली वाचली, परत वरून वाचली, आणि पहिला प्रश्न विचारला तिथेच मी मनात म्हटलं की काम इथेच द्यायचं. "सर, हे १ आणि ३ नंबर एवढे मोठे आणि ११, १४ एवढे सडपातळ, असं का?" मग मी सांगितलं की रग्बीत नंबर म्हणजे जागा असते. १ आणि ३ प्रॉप, मधे २ हुकर, हे तिघं स्क्रममध्ये पुढे डोकं घालतात. ४, ५ उंच पोरं, लॉक. ९ नंबर, स्क्रमहाफ, स्क्रममधून बॉल काढतो, १० नंबर खेळ चालवतो, ११ आणि १४ कडेने पळणारे, विंगर. ते ऐकून दोन मिनिटं गप्प बसले आणि बोलले, "मग बाहेर बसणाऱ्यांतही हे तिघं पाहिजेतच. तुम्ही १७, १८ ला डबल एक्सएल लिहिलंय ते त्यासाठी होय." रग्बीची एक मॅच न बघितलेला माणूस नुसत्या साइजच्या यादीवरून हे ओळखतो!

मग विचारलं नाव टाकायचं का पाठीवर, क्रिकेटवाले टाकतात. मी नको बोललो, आणि त्यांना का ते ऐकायचं होतं. फुटबॉलच्या वर्ल्डकपमध्ये प्रत्येकाला एक नंबर मिळतो तो स्पर्धा संपेपर्यंत त्याचाच. रग्बीच्या वर्ल्डकपमध्ये २०२३ ला ३३ जणांची टीम होती, पण प्रत्येक मॅचला त्यातून २३ निवडायचे आणि १ ते २३ नंबर त्या दिवशी जो जिथे खेळणार त्याला. आज तुम्ही १० असाल, पुढच्या शनिवारी २२, त्याच्या पुढच्या शनिवारी सूट घालून स्टँडमध्ये. जर्सी जागेची असते, माणूस तेवढ्यापुरता तिच्यात जातो.

यावरून त्यांना २०११ ची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये वर्ल्डकप, घरचं मैदान, १९८७ नंतर एकदाही जिंकले नव्हते, आणि त्यांचा १० नंबर म्हणजे डॅन कार्टर, जगातला सर्वात भारी, तो मधेच मांडीच्या सांध्याच्या दुखापतीने बाहेर. दुसरा कॉलिन स्लेड, तोही बाहेर. तिसरा एरन क्रूडन, तो फायनलमध्येच गुडघा धरून गेला. मग आला स्टीफन डोनल्ड, जो मूळ यादीत नव्हताच, बोलावणं आलं तेव्हा नदीवर मासे पकडत होता. अंगात जर्सी अशी आखूड की सारखी पोटावरून वर सरकायची आणि हा खाली ओढायचा. त्याच माणसाने पेनल्टी मारली आणि न्यूझीलंड ८-७ ने फ्रान्सला हरवून चॅम्पियन झालं. मी गोष्ट सांगताना मास्टरांनी मशीन बंद केलं होतं. शेवटी काय विचारलं असेल? "त्याचं माप घेतलं नव्हतं काय कुणी?" किती रंगवून सांगितली होती मी ती गोष्ट, पण त्यांच्या कामाचा प्रश्न तोच होता.

आता कपडा. क्रिकेटच्या जर्सीला साधारण १५०-१६० जीएसएमचं (एका चौरस मीटर कपड्याचं ग्रॅममधलं वजन) डॉट निट वापरतात, हलकं असतं, घाम सुकतो, पण स्क्रममध्ये ते पाच मिनिटं टिकत नाही. मास्टरांनी २४० च्या वरचे तीन नमुने काढले आणि मला बोलले दोन्ही हातांनी ओढा, पूर्ण ताकदीने. एक तिथेच ताणला गेला तो परत आखडेना, तो बाद. जो घेतला तो जाड आहे, उन्हात गरम होतो हे खरं, पण आपण खेळतो पावसात. नंबर सबलिमेशनचे, म्हणजे रंग कपड्यातच उतरतो, वर स्टिकर चिकटवायचा प्रकार नाही, त्यामुळे निघायचा प्रश्न नाही. चार महिने झाले, एकाही जर्सीचा नंबर हललेला नाही (एक सोडून, त्याचं खाली लिहितो).

पोरांना खरं तर अंगाला घट्ट बसणाऱ्या हव्या होत्या. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला रग्बी प्रीमियर लीग झाली ना, सहा टीमची, सेव्हन्सची म्हणजे सात-सात जणांची, आम्ही सगळी पोरं घेऊन गेलो होतो, चेन्नई बुल्स जिंकले, तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तीच फिटिंग. मास्टरांनी पळणाऱ्यांना दिली घट्ट, पकडायला कपडा हातात येऊ नये म्हणून, आणि स्क्रमवाल्यांना समजावलं की बाळांनो तुमच्या अंगावर समोरचा लटकणार आहे.

हे त्यांना कळलं कसं तर ते स्वतः आले. रविवारी सकाळी साडेसहाला, छत्री घेऊन, वडाळ्याला मैदानावर. मला वाटलं दहा मिनिटं बघतील आणि जातील, दीड तास उभे होते. स्क्रम लावला तेव्हा अगदी जवळ जाऊन वाकून बघितलं की कोण कुणाला कुठे धरतो. प्रॉप समोरच्या प्रॉपची जर्सी पाठीवर किंवा बाजूला धरतो, बाही किंवा कॉलर धरायची नसते, म्हणजे सगळा जोर काखेच्या खालच्या शिवणीवर. मास्टरांनी ३ नंबरच्या पोराची जुनी जर्सी हातात घेतली, उसवलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि बोलले, "इथे कळी टाकायला पाहिजे. सदऱ्याला टाकतात तशी." आणि खरंच टाकली. १ ते ८ आणि १६ ते २० या सगळ्या जर्सींना काखेत चौकोनी कळी आहे, बाजूची शिवण फ्लॅटलॉक करून वर परत एक टीप. आजतागायत एक टाका सुटलेला नाही. मी पंधरा वर्षं हा खेळ बघतोय, इंपोर्टेड जर्सी पण हाताळल्यात, काखेत सदऱ्याची कळी असलेली रग्बी जर्सी मी तरी दुसरी बघितली नाही.

रेट एका जर्सीला ६४० पडला, ऑनलाइनवाल्यापेक्षा सव्वाशेने जास्त, मला तो बरोबर वाटला.

आता तो एक नंबर निघाल्याचा किस्सा. त्यासाठी आधी टीम निवडीबद्दल लिहावं लागेल, आणि ते मला लिहायचंच आहे कारण चूक माझी होती.

आमच्याकडे २६ पोरं, यादीत २३. तीन पोरांना घरी बसवायचं. मी त्यात दुसऱ्या हुकरला बसवलं आणि एक जास्तीचा विंगर घेतला, कारण तो पोरगा जबरदस्त पळतो. माझ्या डोक्यात होता २०२३ चा साउथ आफ्रिका. त्यांनी ३३ मध्ये चार-चार स्क्रमहाफ घेतले होते, आणि १० नंबरचा हांद्रे पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर. मग स्पर्धा सुरू झाल्यावर त्यांचा हुकर माल्कम मार्क्स प्रॅक्टिसमध्ये गुडघ्याने गेला, आणि हुकरच्या जागी त्यांनी बोलावला कोण, तर पोलार्ड! हुकरच्या बदली किकर. सगळ्या जगाने कपाळाला हात लावला होता. त्याच पोलार्डने सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत लांबून पेनल्टी मारून १६-१५ ने मॅच काढली, आणि फायनलला न्यूझीलंडविरुद्ध १२-११, त्यातले बाराच्या बारा पॉइंट त्याचे. मला वाटायचं निवड करावी तर अशी छातीठोक.

पण त्या फायनलचा दुसरा अर्धा भाग मी नीट लक्षात घेतला नव्हता. मॅच सुरू होऊन दोन-तीन मिनिटं होतात तोच त्यांचा उरलेला एकमेव हुकर बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी डिऑन फूरी, ३७ वर्षांचा माणूस, यादीत मुख्यतः फ्लँकर म्हणजे स्क्रमच्या कडेला लागणारा म्हणून, त्याने उरलेली जवळपास पूर्ण फायनल हुकर म्हणून काढली. लाइनआउटला (बॉल कडेबाहेर गेला की हुकर तो आत फेकतो तेव्हा) त्यांचे थ्रो चुकले, त्रास झाला, पण स्क्रम उभा राहिला, कारण फूरी क्लब रग्बीत वर्षानुवर्षं हुकर खेळलेला होता. म्हणजे पोलार्डला बोलवायची हिंमत त्यांना झाली ती फूरीच्या जिवावर. माझ्याकडे फूरी नव्हता. उलट त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने कोच एडी जोन्सच्या हाताखाली मायकल हूपर, क्वेड कूपर असे अनुभवी बाहेर ठेवले, १० नंबरला खराखुरा एकटा कार्टर गॉर्डन नेला, आणि वर्ल्डकपच्या इतिहासात पहिल्यांदा ते गटातच गारद झाले, फिजीकडून हरले, वेल्सकडून ४०-६ मार खाल्ला. एका जागेला एकच माणूस नेला की काय होतं हे मी बघितलेलं होतं, तरी केलं.

गुरुवारी संध्याकाळच्या प्रॅक्टिसला आमच्या २ नंबरचं बोट मोडलं. मॅच रविवारी. आता हुकरच्या जागेवर असंतसं कुणालाही घालता येत नाही, मानेचा प्रश्न असतो, शिकलेला पोरगा नसेल तर रेफरी स्क्रममध्ये ढकलाढकलीच बंद करतो, नुसतं उभं राहायचं आणि बॉल काढायचा. आमची सगळी ताकद स्क्रममध्ये, ती गेली असती. आणि माझ्या जिवाला मॅचपेक्षा मोठा घोर हा होता की ज्या पोराला मी यादीतून काढलं त्यालाच आता फोन करायचा. केला. पहिल्या रिंगला उचलला. फक्त एवढंच बोलला, "सर, जर्सी कुठली घालू?"

तो प्रश्न खरा होता, कारण २ नंबरची जर्सी एक्सएल आणि हा पोरगा ६२ किलोचा. ढगळ जर्सी घालून स्क्रममध्ये पाठवणं म्हणजे समोरच्याच्या हातात दोरी देण्यासारखं आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर वडाळ्याहून पोराला घेऊन परळला गेलो, मास्टर शटर ओढायच्या तयारीत. बोललो मास्टर, एक जर्सी, उद्या रात्रीपर्यंत जमेल का. त्यांनी पोराकडे बघितलं, टेप काढली, छाती, खांदा, मान, सगळं माप घेतलं आणि मला बोलले, "याचं माप आधी का नाही आणलंत सर?" त्यावर काही बोलायला नव्हतं माझ्याकडे. उरलेला कपडा होता, पण एका जर्सीसाठी सबलिमेशनचं मोठं मशीन रात्री चालू होत नाही, ते काम बाहेरून होतं. म्हणून त्यांनी आधीच सांगितलं की नंबर स्टिकरचा लावावा लागेल, हीट प्रेसने, एक-दोन मॅच निघतील. रात्री पावणेअकराला जर्सी हातात होती, कळीसकट. त्या जर्सीचे पैसे घेतले नाहीत, खूप आग्रह केला तरी नाही.

रविवारी धो धो पाऊस. दुसऱ्या हाफमध्ये पाठीवरच्या २ चं खालचं टोक सुटलं आणि प्रत्येक स्क्रमला फडफडत होतं, मी लाइनवरून तेच बघत होतो. आम्ही १९-१२ ने हरलो. पण स्क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने झाले, एकदाही रेफरीला ते थांबवावे लागले नाहीत, आणि आमचा पहिला ट्राय (समोरच्यांच्या रेषेपार बॉल टेकवणं) स्क्रममधूनच ढकलत ढकलत गेला.

आता जे आवडलं नाही तेही लिहितो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. एक, सांगितलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशीर झाला, गणपतीच्या आधी सगळ्या मंडळांचे टी-शर्ट तिथेच असतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर द्यायची तर महिनाभर आधी द्या. दोन, रंग. मोबाइलवर जो नेव्ही ब्लू दाखवला तो कपड्यावर थोडा जांभळ्याकडे गेला. सबलिमेशनला हे होतं, तेव्हा आधी हातभर कपड्यावर छापून दाखवा असा हट्ट धरा, मी धरला नाही. तीन, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. चार, कॉलरच्या आतलं साइजचं लेबल टोचतं, आमच्या पोरांनी सगळ्यांनी कापून टाकलं आणि आता कुठली कुणाची ते नंबरवरूनच कळतं. शॉर्ट्स ते करत नाहीत, त्या धोबीतलावहूनच घ्या.

मुलींच्या सेव्हन्सच्या टीमसाठी पण १२ केल्यात, त्या जास्त चांगल्या झाल्यात. मास्टरांनी मुलींना मुलांच्याच मापाचं छोटं करून दिलं नाही, वेगळं कटिंग केलं, खांदा आणि छातीचं माप घ्यायला बायकोला गाळ्यावर बोलावून घेतलं. आमच्या मुलींना मी नेहमी २०१९ चं सांगतो, मनिलाला आपल्या बायकांच्या टीमने सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, पंधरा-पंधराच्या खेळातला भारताच्या बायकांच्या टीमचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि कॅप्टन होती आपल्या पुण्याची वाहबिझ भरूचा. त्या दिवसापासून आमच्या दोघी जणी इंडिया कॅम्पचंच बोलतात. नवीन जर्सी घालून पहिल्या दिवशी आरशासमोर किती वेळ उभ्या होत्या.

ज्यांना ऑर्डर द्यायचीय त्यांना एकच सांगणं, यादी नेताना फक्त साइज लिहून नेऊ नका, जागा पण लिहा, आणि पुढच्या तीन जागांपासून सुरुवात करा, १, २, ३ आणि मग लगेच १६, १७, १८. मास्टर आता स्वतःच त्याच क्रमाने विचारतात.

ती २ नंबरची जर्सी सध्या त्यांच्याकडेच आहे, सबलिमेशन करून नवीन पाठ लावून देतो बोललेत. शनिवारी आणायला जायचंय, आणि पुढच्या स्पर्धेची यादी पण सोबत नेतोय, त्यात हुकर तीन आहेत, तिघांचीही मापं घेतलेली आहेत.